तरुण कुत्र्याला हृदयविकार निघाला तर काय करायचं: पहिल्या दिवसापासून

भैरू आमचा डोबरमन. वजन ३५ किलो, वय तीन वर्षं चार महिने, आणि अजिंक्यताऱ्याचा चढ रोज सकाळी माझ्याआधी संपवणारा. डिसेंबरात त्याला रात्रीचा खोकला लागला. थंडीचे दिवस, म्हणून कफाचं औषध मिळालं. आठवड्याने ते बदलून दुसरं मिळालं. एकोणिसाव्या दिवशी पहाटे तीनला तो दाराशी उभा होता. पुढचे पाय फाकवलेले, मान लांब केलेली, आणि काही केल्या खाली बसेना. फुप्फुसात पाणी भरलेलं कुत्रं आडवं होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

निदान झालं डायलेटेड कार्डिओमायोपथीचं. डॉक्टर मंडळी डीसीएम म्हणतात. यात हृदयाचा स्नायू कमजोर होतो, कप्पे ताणून मोठे होतात आणि रक्त पुढे ढकलण्याचा जोर कमी पडतो. मागे तुंबलेल्या रक्तातलं पाणी मग फुप्फुसात उतरतं. त्या पहाटेनंतर भैरू अकरा महिने जगला. त्यातले नऊ महिने तो आनंदात खात-पीत होता, शेपूट नसलेलं बूड हलवत होता. या काळात जे धडपडत शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. मी पशुवैद्य नाही. औषधाची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर जाताना काय विचारायचं आणि घरी काय करायचं, ते तुम्हाला यातून कळेल.

१. "एवढ्या लहान वयात कसं होईल?" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा

होतं. जर्मनीत म्युनिकच्या पशुवैद्यांनी चारशेहून जास्त डोबरमन तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक कुत्र्यांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो असं दिसलं. वाईट म्हणजे बरीच वर्षं बाहेरून काहीच दिसत नाही. काही डोबरमनांमध्ये तर अचानक कोसळणं हेच पहिलं लक्षण असतं. म्हणूनच युरोपातले हृदयतज्ज्ञ डोबरमनाची तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि होल्टर (चोवीस तास ठोक्यांची नोंद) तपासणी करायला सांगतात. आम्ही लसी एकदाही चुकवल्या नाहीत, पण ही तपासणी असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे डोबरमन, ग्रेट डेन किंवा बॉक्सर असेल आणि तो ठणठणीत असेल, तरी एवढा परिच्छेद वाचून फोन उचला.

बाकी जातींत जन्मजात दोष जास्त सापडतात. लॅब्राडॉरमध्ये उजव्या बाजूची झडप नीट घडलेली नसते, गोल्डन रिट्रीव्हर आणि रॉटवायलरमध्ये महाधमनीच्या तोंडाशी अरुंदपणा असतो. पिल्लाच्या छातीत 'मर्मर', म्हणजे ठोक्यांसोबत येणारी जादा सरसर, ऐकू आली म्हणून लगेच घाबरू नका. काही पिल्लांची हलकी मर्मर निरुपद्रवी असते आणि चार-सहा महिन्यांची होईतो जाते. मात्र मर्मर मोठी असेल, किंवा यंत्राच्या घरघरीसारखी न थांबता येत असेल, तर वाट पाहू नका. तशी घरघर बहुधा पीडीएची असते. जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी उघडीच राहिलेली असते. ती वेळेत शस्त्रक्रियेने किंवा नळीतून बूच बसवून बंद केली, तर कुत्रं पूर्ण आयुष्य जगू शकतं. हृदयाचे फार थोडे आजार असे बरे होतात, म्हणून हा एक हातचा घालवू नका.

या गोष्टी दिसल्या तर त्याच आठवड्यात तपासून घ्या: रात्री किंवा आडवं झाल्यावर येणारा खोकला, नेहमीच्या चढावर मध्येच थांबणं, पोट फुगत जाणं आणि पाठीचं मांस उतरणं, उत्साहात येऊन क्षणभर कोसळणं. कोसळला तर व्हिडिओ काढा. हृदयाची भोवळ आणि फिट यांत घोळ होतो. भोवळीत कुत्रं सहसा ढिलं पडतं आणि काही सेकंदांत उठून आपल्याला ओळखतं. फिटमध्ये पाय मारणं, लाळ गळणं आणि नंतर बराच वेळ भांबावलेपण असतं. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो वीस सेकंदांचा व्हिडिओ जास्त उपयोगी पडतो.

२. तपासण्या: काय करून घ्यायचं आणि कुठे फसगत होते

छातीचा एक्स-रे फुप्फुसात पाणी आहे का ते सांगतो. ईसीजीत त्या काही मिनिटांतली ठोक्यांची लय दिसते. इकोमध्ये प्रत्यक्ष हृदय हलताना दिसतं, आणि डीसीएमचं निदान मुख्यतः त्यावरच ठरतं. जोडीला मूत्रपिंडाच्या आणि पोटॅशियमसारख्या क्षारांच्या रक्ततपासण्या लागतात, कारण पुढची औषधं त्यांवरच परिणाम करणार असतात.

इकोसाठी भूल सहसा लागत नाही. छातीवरचे थोडे केस काढतात आणि कुत्र्याला कुशीवर निजवतात. डोक्याशी घरचं माणूस बसलेलं असलं की निम्मं काम होतं. भैरूच्या कानामागे मी पूर्ण वेळ बोट फिरवत होतो, आणि तो पडद्याकडे बघत पडून राहिला.

होल्टर म्हणजे चोवीस तास ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. ते जाकिटाखाली बांधून कुत्र्याला घरी आणायचं आणि रोजच्यासारखं वागू द्यायचं. डोबरमनाला हे का लागतं? कारण याच्या बाबतीत कप्पा मोठा होण्याआधी लय बिघडू शकते. चोवीस तासांत ३०० पेक्षा जास्त अवेळी ठोके सापडले, तर इको चांगला असला तरी तज्ज्ञ त्याला डीसीएमच म्हणतात. यंत्र सगळीकडे नसतं. आम्हाला नऊ दिवस थांबावं लागलं. आधी फोन करून नाव लावून ठेवा.

सगळ्यात मोठी फसगत इथे होते: माणसांचा इको करणाऱ्याकडे कुत्र्याला नेणं. यंत्र चालतं, पण मापं चालत नाहीत. कुत्र्यात जातीगणिक हृदयाचं प्रमाण माप बदलतं. आमचा पहिला इको असाच झाला. रिपोर्टवर 'सौम्य' लिहून आलं आणि दहा दिवस वाया गेले. कुत्र्यांच्या हृदयाचं काम नेहमी करणाऱ्या डॉक्टरांचाच इको करून घ्या, मग त्यासाठी शहर बदलावं लागलं तरी. आम्ही खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला जायचो. तुमच्या जिल्ह्यात कोणी नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला विचारा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे ती आहेत. इको, होल्टर कोणत्या दिवशी होतं हे फोनवर विचारूनच निघा.

३. एक फाइल करा आणि ती दाराजवळ ठेवा

यात असावं:

- लसीकरणाचं कार्ड आणि पालिकेचा परवाना असेल तर त्याची प्रत
- सगळी प्रिस्क्रिप्शन्स, तारखेनुसार
- एक्स-रे आणि ईसीजी
- इकोचा रिपोर्ट आणि इकोचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर (मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरांना कागदापेक्षा तेच हवे असतात)
- रक्ताचे रिपोर्ट
- दर महिन्याचं वजन
- एका कागदावर ठळक अक्षरांत: आजाराचं नाव, चालू औषधं, मात्रा, वेळा, डॉक्टरांचा नंबर

तो शेवटचा कागद फ्रिजवरही चिकटवा. तुम्ही घरी नसताना आईला किंवा शेजाऱ्यांना तोच वाचून दाखवायचा आहे.

४. झोपेतला श्वास मोजा, रोज

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि पाणी भरायला लागल्याचं सर्वांत आधी यातूनच कळतं.

कुत्रं गाढ झोपलं की जवळ बसा, हात लावू नका. छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. धापत असेल, पाय झाडत स्वप्न बघत असेल किंवा उन्हातून नुकतं आत आलं असेल, तर थांबा आणि नंतर मोजा. झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला तीसच्या आत असतो, बहुतेकांचा पंचविसाच्याही आत.

भैरूचा आकडा औषधं बसल्यावर सोळा ते वीस असायचा. मी तो शाळेच्या दोनशेपानी वहीत लिहायचो: तारीख, वेळ, आकडा, आणि बाजूला एखादा शब्द. 'खोकला नाही.' 'अर्धंच खाल्लं.' ऑगस्टात तीन रात्री ओळीने बावीस, सव्वीस, एकोणतीस असं आलं. दिवसा तो अगदी बरा दिसत होता, बॉलसाठी मागे लागत होता. वही बघून मी सकाळी फोन केला, डॉक्टरांनी पाण्याची गोळी वाढवली आणि दोन दिवसांत आकडा अठरावर आला. घरी, रुग्णालयात न जाता. पहिल्यांदा एकोणीस दिवस खोकला ऐकून जे कळलं नव्हतं, ते या वेळी तीन आकड्यांनी सांगितलं.

नियम साधा ठेवा. तीसच्या वर गेला तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरीही वरच असेल तर त्याच वेळी डॉक्टरांना कळवा. तीसच्या आत असला पण रोज चढत असेल, तर सकाळी फोन करा.

५. औषधं: घड्याळ आणि उपाशी पोट

हृदय कमजोर होऊन पाणी भरलं असेल, तर साधारण चार गोळ्या मिळतात. पिमोबेंडन हृदयाचं आकुंचन वाढवते आणि रक्तवाहिन्या सैल करते. फ्युरोसेमाइड म्हणजे पाण्याची गोळी. एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल हृदयावरचा ताण कमी करते. स्पायरोनोलॅक्टोन चौथी. लय बिघडलेली असेल तर सोटॅलॉल किंवा मेक्सिलेटिनसारखं औषध वेगळं.

पिमोबेंडन बारा-बारा तासांनी, जेवणाआधी एक तास, उपाशी पोटी द्यायची. आमच्याकडे सात वाजता गोळी आणि आठला जेवण, सकाळ-संध्याकाळ. ३५ किलोच्या भैरूला पाच मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एका वेळी लागायच्या, म्हणजे महिन्याला १२०. बाकीची औषधं माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतात, ही मात्र जनावरांच्या औषधांच्या दुकानातून मागवावी लागते. पंधरा दिवसांचा साठा उरला की पुढची मागणी नोंदवा. जोडून आलेल्या सुट्ट्यांत कुरिअर अडकतं, हे आम्ही गणपतीत अनुभवलं.

या गोळीचा फायदा पाणी भरण्याच्या आधीही आहे. ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७६ डोबरमन होते. सगळे बाहेरून ठणठणीत, पण इकोत डीसीएम दिसलेले. गोळी मिळालेल्यांना हृदय निकामी होईपर्यंत किंवा अचानक मृत्यूपर्यंत मध्यकाने (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ७१८ दिवस मिळाले, औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यांना ४४१. लवकर तपासणी करा असं मी पुन्हा पुन्हा म्हणतो, ते या फरकासाठी.

पाण्याच्या गोळीने तहान वाढते आणि लघवीही. पाणी तोडू नका. भांडं भरलेलं ठेवा, रात्री अकराला आणि पहाटे पाचला एकेक फेरी मारा, फ्लॅटमध्ये असाल तर बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरा. घरात लघवी झाली म्हणून ओरडू नका, त्याचा नाइलाज असतो. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी मूत्रपिंड आणि पोटॅशियम तपासून घ्या.

एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. 'आता बरा आहे' म्हणून बंद तर मुळीच करू नका. तो बरा आहे तो गोळ्यांमुळेच.

आणि हे तीन धोके, ज्यांत चांगल्या मनाची माणसंच आपल्याला ढकलतात:

सलाइन. कुत्रं खात नाही म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा बाटली लावतात. आधीच पाण्याने भरलेल्या हृदयाला ती जड जाते. नव्या दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य हे म्हणा: "याला डीसीएम आहे, हार्टची औषधं चालू आहेत." शिरेतून द्रव देण्याचा निर्णय हे ऐकूनच व्हायला हवा.

वेदनाशामक. लंगडतो म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी आहे. मेलॉक्सिकॅमसारखी जनावरांना चालणारी औषधंही पाण्याच्या गोळीसोबत मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

सर्दी-खोकल्याची माणसांची औषधं. नाक मोकळं करणारी काही द्रव्यं हृदयाचे ठोके वाढवतात.

६. ताटात काय

मीठ कमी. आपण स्वतः मीठ वाढत नाही, पण घरभर ते सांडलेलं असतं: पापडाचा तुकडा, शेव, खारी, ब्रेड, चीज, सुकट, चहाबरोबरचं बिस्कीट. आजोबा दुपारी गुपचूप देतात ते वेगळंच. आमच्याकडे कुकरमधून वरण-भात आणि चिकन मीठ-फोडणीच्या आधीच भैरूसाठी काढून ठेवायचे. गोळी द्यायला चीज नको. उकडलेल्या रताळ्याचा सुपारीएवढा गोळा पुरतो.

महागड्या 'धान्यविरहित' पिशव्यांपासून सावध राहा. वाटाणा, मसूर, बटाटा यांवर उभ्या असलेल्या अशा खाद्याचा आणि डीसीएमचा संबंध असू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये दिला. तुम्ही तसं खाद्य देत असाल तर डॉक्टरांना त्याचं नाव सांगा. काही कुत्र्यांत, विशेषतः गोल्डन रिट्रीव्हर आणि कॉकर स्पॅनियलमध्ये, टॉरिन या हृदयाला लागणाऱ्या पोषकद्रव्याची कमतरता सापडते आणि ती भरून काढली की हृदय सुधारू शकतं. तेव्हा टॉरिनबद्दल विचारा.

वजन बघत राहा. हृदयाच्या आजारात मांस झडतं. खाणं कमी झालं तर 'पथ्य' म्हणून समाधान मानू नका, लगेच कळवा.

७. फिरणं, ऊन, ढोल आणि फटाके

कोंडून ठेवू नका. सकाळी सहाला सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं, त्याच्या चालीने. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला. बॉल फेकणं, जिने, दुसऱ्या कुत्र्यांबरोबर दंगा हे बंद करावं लागतं, आणि त्याची खंत कुत्र्यापेक्षा आपल्याला जास्त होते. भैरूला मी बॉलऐवजी वास शोधायचा खेळ लावला. जुन्या चादरीच्या घड्यांत चिकनचे तुकडे लपवायचे. अर्धा तास नाक खुपसून बसायचा आणि दमायचा नाही.

एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेर नाहीच. मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांचा विचार महिनाभर आधी करा. लय बिघडलेल्या हृदयाला भीतीचा झटका धोक्याचा असतो. शांत ठेवणारं कोणतं औषध हृदयाला चालेल ते डॉक्टरांना विचारून, घरात आणून ठेवा. त्या संध्याकाळी आतली खोली, बंद खिडक्या, पंखा मोठा, आणि जवळ कोणीतरी बसलेलं.

८. रात्री धाप लागली तर

हे आधीच ठरवून ठेवा. पाण्याची जादा गोळी कोणत्या आकड्यावर आणि किती द्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्री उघडा असणारा आणि ऑक्सिजन असलेला दवाखाना कोणता, तिथे गाडीने किती वेळ लागतो, रिक्षावाला दोन वाजता येईल का, हे एका दुपारी बसून शोधा.

प्रत्यक्ष वेळी: त्याला आडवं पाडू नका, ज्या स्थितीत श्वास घेता येतो तसंच राहू द्या. तोंडात पाणी ओतू नका. पंखा किंवा गाडीतला एसी लावा. जीभ आणि ओठाच्या आतला भाग बघा. डोबरमनाच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, म्हणून तिथे रंग कळत नाही. निळसर किंवा पांढुरकं दिसलं तर एक मिनिटही घालवू नका. निघताना दवाखान्याला फोन करा, म्हणजे ऑक्सिजन तयार राहील. आणि आवाज हळू ठेवा. तुमची घाबरगुंडी त्याला कळते आणि तो जास्त धापतो.

९. खर्च आणि घरची माणसं

औषधं वजनावर असतात, म्हणून मोठ्या कुत्र्याचा महिना जड जातो. पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: महिन्याच्या गोळ्या किती, इको किती महिन्यांनी, रक्त किती वेळा. डॉक्टरांना हे विचारण्यात कमीपणा नाही. परवडत नसेल तर कोणती गोळी आधी आणि कोणती नंतर, तेही तेच सांगतील. मनाने एखादी गाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. विमा आता काढून या आजाराला उपयोग होईल अशी आशा ठेवू नका. आधीपासून असलेले आजार पॉलिसीतून सहसा वगळलेले असतात.

घरात गोळ्या देणारं माणूस एकच ठेवा आणि दुसऱ्याला शिकवून ठेवा. दोघांनी दिल्या की एक दिवस दोनदा दिल्या जातात.

१०. शेवटाबद्दल आधी बोला, आणि भावंडांना कळवा

पाणी भरल्यानंतर डोबरमनाच्या हातात बहुतेकदा महिने असतात. हे ऐकायला मला कोणी तयार केलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतो. कुत्रं चांगलं असतानाच डॉक्टरांशी बोलून ठेवा: कोणत्या टप्प्यावर थांबायचं, इंजेक्शन देऊन शांत करायला ते घरी येतील का. आम्ही तीन गोष्टी लिहिल्या होत्या. जेवायला उठणं, मी आलो की दाराशी येणं, आडवं होऊन झोपणं. यातल्या दोन गेल्या की थांबायचं. नोव्हेंबरात औषधं वाढवूनही तो दोन रात्री बसूनच होता, आणि ताटाकडे बघेना. डॉक्टर घरी आले. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

डीसीएम रक्तात येतो. अशा कुत्र्याची पैदास करू नका, आणि ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांना रिपोर्ट पाठवा. ते रागावतील, तरी पाठवा. आम्ही भैरूच्या सहा भावंडांपैकी चौघांचे मालक शोधले. कराडच्या बहिणीचा इको झाला. बाहेरून ती एकदम धट्टीकट्टी आहे, पण इकोत डावा कप्पा मोठा निघाला, आणि गोळी सुरू झाली. तिच्या मालकाचा परवा फोन आला, जेवणाआधी द्यायची की नंतर, असं विचारत होते. आधी. एक तास.